वॉल्टर आणि केटे लँगहॅमर

वॉल्टर लँगहॅमर (जन्म : १९०५, ग्रात्स, ऑस्ट्रिया, मृत्यू : १९७७, लंडन) हे ऑस्ट्रियन चित्रकार होते. केटे लँगहॅमर (माहेरचे आडनाव उरबाख) या त्यांच्या पत्नी ज्यू वंशाच्या होत्या. हिटलरच्या जर्मनीने १९३८ साली ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर या दांपत्याने व्हिएन्ना सोडले आणि त्याच वर्षी ते मुंबईत आले. वॉल्टर 'टाइम्स ऑफ इंडिया' या वृत्तपत्राचे कलासंचालक झाले. नेपियन सी रोडवरील त्यांचे घर युद्धकाळात आणि त्यानंतरच्या दशकात मुंबईतील तरुण चित्रकारांचे हक्काचे ठिकाण बनले. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुपच्या इतिहासात वॉल्टर यांचे नाव नेहमी येते. त्यांना मुंबईत आणणारे कारण मात्र त्यांचे लग्न हे होते, आणि त्याचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत आटोपला जातो.

नाझी राज्यात जर्मन व्यक्ती आणि ज्यू व्यक्ती यांच्यातील प्रेमाला व विवाहाला काय भोगावे लागले, याचे मुंबईच्या इतिहासाशी जोडलेले हे एक ठळक उदाहरण आहे.

व्हिएन्ना

वॉल्टर यांचे कलाशिक्षण व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीत झाले. त्या शहरात ते चित्रकला शिकवीतही असत. त्यांच्या चित्रांवर ओस्कार कोकोश्का या ऑस्ट्रियन अभिव्यक्तिवादी चित्रकाराची छाप होती. मोकळे, जाड फटकारे आणि रेषेपेक्षा रंगाने आकार उभा करण्याची ओढ ही ती छाप पुढे मुंबईची दृश्ये रंगवतानाही पुसली गेली नाही. कोकोश्का यांनी १९३४ सालीच व्हिएन्ना सोडून प्राग गाठले होते आणि १९३७ साली नाझींनी म्युनिकमध्ये 'ऱ्हासशील कला' म्हणून ज्या चित्रांची जाहीर नालस्ती केली, त्यांत कोकोश्का यांची चित्रे होती. अशा चित्रकाराला आदर्श मानणाऱ्याचे नव्या राजवटीशी जमण्यासारखे नव्हते. त्यात लँगहॅमर पती-पत्नी दोघेही समाजवादी विचारांचे होते.

दोघांच्या वाट्याला आलेला धोका मात्र सारखा नव्हता. वॉल्टर यांच्या बाबतीत प्रश्न मतांचा होता आणि मते झाकता येतात. केटे यांच्या बाबतीत प्रश्न जन्माचा होता.

१२ मार्च १९३८ रोजी जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. पुढच्या काही दिवसांत व्हिएन्नाच्या रस्त्यांवर ज्यू स्त्री-पुरुषांना गुडघ्यांवर बसवून ब्रशने फरसबंदी घासायला लावण्यात आले आणि भोवती बघ्यांची गर्दी हसत उभी राहिली. शहरात तेव्हा ज्यू धर्मीयांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. जर्मनीत पाच वर्षे टप्प्याटप्प्याने जे घडले होते, ते व्हिएन्नात पाच आठवड्यांत घडले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

विवाह आणि कायदा

सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीत 'जर्मन रक्ता'च्या व्यक्तीने ज्यू व्यक्तीशी विवाह करण्यावर आणि विवाहबाह्य संबंध ठेवण्यावर बंदी घातली होती. अशा संबंधांना 'वंशभ्रष्टता' हा गुन्हा ठरवून पुरुषाला तुरुंगात टाकण्यात येई. २० मे १९३८ रोजी हे कायदे ऑस्ट्रियात लागू झाले.

आधी झालेले मिश्र विवाह या कायद्याने रद्द झाले नाहीत, ही गोष्ट येथे समजून घेणे आवश्यक आहे. राजवटीने त्यांच्यासाठी वेगळी युक्ती योजली. लग्न मोडण्याची सक्ती करायची नाही. पण ते टिकवणाऱ्याला रोज त्याची किंमत मोजायला लावायची. ऑस्ट्रियातील सरकारी नोकरांविषयी मे १९३८ च्या अखेरीस निघालेल्या वटहुकमाने ज्यूंबरोबरच ज्यू व्यक्तीशी विवाह केलेल्यांनाही सेवेतून काढण्याची तरतूद केली. चित्रकार, लेखक, नट, वादक यांना व्यवसाय करण्यासाठी राइश सांस्कृतिक मंडळाचे सभासदत्व अनिवार्य होते आणि ज्यू पती किंवा पत्नी असणाऱ्यांना तेथून वगळण्यात येई. जुलै १९३८ च्या नव्या विवाह कायद्याने अशा जोडप्यांतील 'आर्य' जोडीदाराला लग्नातून बाहेर पडणे सोपे केले. दार उघडे ठेवलेले होते. त्यातून एकट्याने बाहेर पडणारा पूर्ववत 'आर्य' नागरिक होई आणि मागे राहणाऱ्याचे शेवटचे कायदेशीर कवच निघून जाई.

वॉल्टर लँगहॅमर यांच्यासमोर हा पर्याय होता. कायद्याच्या दृष्टीने ते नव्या जर्मन राइशचे निर्दोष वंशाचे नागरिक होते. त्यांनी तो पर्याय घेतला नाही. दोघांनी मिळून देश सोडला.

देश सोडणे हीदेखील सोपी गोष्ट नव्हती. बाहेर पडणाऱ्याच्या मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याइतका 'पलायन कर' घेतला जाई आणि रोख म्हणून अवघे दहा मार्क नेता येत. ऑगस्ट १९३८ मध्ये आडोल्फ आइखमान याने व्हिएन्नात ज्यूंच्या देशांतरासाठी एक मध्यवर्ती कचेरी उघडली. एका दाराने घरदार असलेला माणूस आत जाई आणि दुसऱ्या दाराने केवळ पारपत्र घेऊन बाहेर पडे, असे तिचे वर्णन पुढे प्रसिद्ध झाले. दुसरीकडे, जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे निर्वासितांच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेत ३२ देशांचे प्रतिनिधी जमले, सर्वांनी सहानुभूती दाखवली आणि बहुतेकांनी दारे बंदच ठेवली.

मुंबईकडे

हिंदुस्थानात येण्यासाठी जर्मन पारपत्रधारकांना १९३८ पासून व्हिसा लागू लागला आणि त्यासाठी नोकरीची अथवा निर्वाहाची हमी देणारे कोणीतरी येथे असणे गरजेचे होते. लँगहॅमर दांपत्याला ती वाट शिरीन विमादलाल या पारशी बाईंमुळे सापडली. व्हिएन्नात झालेला त्यांचा परिचय मुंबईला येण्यासाठी उपयोगी पडला. बोरीबंदरासमोरच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या इमारतीत वॉल्टर यांना कलासंचालकाची जागा मिळाली. हे पद भूषविणारे ते पहिलेच होत. वृत्तपत्र तेव्हा बेनेट, कोलमन आणि कंपनी या ब्रिटिश मालकीच्या संस्थेचे होते.

मध्य युरोपातून मुंबईत आलेले हे दोघे एकटे नव्हते. बर्लिनमध्ये जन्मलेले, ज्यू वारसा असलेले भूगर्भशास्त्रज्ञ रुडॉल्फ फॉन लायडन १९३३ सालीच येथे येऊन जाहिरात आणि कलासमीक्षेकडे वळले होते. व्हिएन्नाचे एमान्युएल श्लेसिंजर औषधनिर्मितीच्या व्यवसायात शिरले आणि तरुण भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घेऊ लागले. संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ पासून मुंबईत होते. आकाशवाणीची आजही ओळखीची असलेली सुरुवातीची धून ही त्यांची रचना. व्हिएन्नाच्या नर्तिका हिल्डे होल्गर यांनी मुंबईत नृत्यशाळा काढली आणि १९४० साली डॉ. बोमन-बेहराम या पारशी डॉक्टरांशी विवाह केला. निर्वासितांच्या मदतीसाठी १९३४ साली मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती.

मुंबई, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मराठी बोलणारे बेने इस्रायल कित्येक शतके राहत होते. ठाण्यातील त्यांचे सिनेगॉग १८७९ सालचे आहे. जे नाते व्हिएन्नात प्राणावर बेतत होते, ते येथे शेजाऱ्याच्या आळीतील 'शनवार तेल्यां'चे होते. मात्र जर्मन भाषक निर्वासितांचा वावर मुख्यतः दक्षिण मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या वर्तुळात राहिला आणि या दोन ज्यू जगांचा परस्परांशी संबंध बेताचाच आला.

युद्धकाळ : 'शत्रूचे नागरिक'

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि निर्वासितांच्या परिस्थितीला विचित्र कलाटणी मिळाली. नाझींपासून जीव वाचवून आलेल्यांकडेही पारपत्र जर्मनच होते. ब्रिटिश सरकारने जर्मन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ताब्यात घेतले. पहिल्या महायुद्धात जर्मनांना जेथे ठेवले होते, त्या अहमदनगरलाच पुन्हा स्थानबद्धांची छावणी उभी राहिली. तेथे नाझी पक्षाचे उघड सभासद आणि नाझींनी देशोधडीला लावलेले ज्यू एकाच तारेच्या कुंपणात आले. काही काळाने चौकशी समितीपुढे प्रत्येकाचे प्रकरण तपासून अनेक निर्वासितांची सुटका करण्यात आली. उरलेल्यांना पुढे देवळाली आणि १९४१ मध्ये देहरादून येथे हलवले गेले. सातारा आणि पुरंदर येथे कुटुंबांसाठी छावण्या होत्या. पुरंदरसारख्या शिवकालीन गडावर युरोपीय निर्वासितांची घरे मांडली गेली होती, हे आज तेथे जाणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

व्हिएन्नात ज्यू स्त्रीचा नवरा म्हणून वॉल्टर संशयित होते. मुंबईत जर्मन नागरिक म्हणून दोघेही संशयित ठरले. नोव्हेंबर १९४१ मध्ये तर जर्मन सरकारने देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व एका फटक्यात रद्द केले. म्हणजे ज्या राष्ट्राच्या नावावर ब्रिटिश त्यांना शत्रू समजत होते, त्या राष्ट्रानेही त्यांना नाकारले. असे असूनही लँगहॅमर दांपत्याची युद्धाची बहुतेक वर्षे मुंबईतच गेली आणि वॉल्टर यांचे 'टाइम्स'मधील काम चालू राहिले.

मागे राहिलेल्यांचे काय झाले हे पाहिले, म्हणजे १९३८ च्या त्या निर्णयाचे मोल कळते. 'आर्य' जोडीदार जिवंत असेपर्यंत आणि त्याने घटस्फोट न दिल्यास मिश्र विवाहातील अनेक ज्यूंची पाठवणी लांबत असे. तेवढ्या धाग्यावर जीव लटकलेला असे. बर्लिनमधील लोकप्रिय नट योआखिम गॉटशाल्क यांच्यावर ज्यू पत्नी मेटा यांना सोडण्यासाठी दबाव आला. नोव्हेंबर १९४१ मध्ये मेटा आणि मुलाला नेण्यात येणार असे कळताच तिघांनी आपले जीवन संपवले. ड्रेस्डेनमध्ये व्हिक्टर क्लेम्पेरर हे ज्यू प्राध्यापक पत्नी एव्हा यांनी साथ न सोडल्यामुळे युद्धातून वाचले. त्यांच्या रोजनिशीतून तो काळ आज दिवसागणिक वाचता येतो. फेब्रुवारी-मार्च १९४३ मध्ये बर्लिनच्या रोझेनश्ट्रासे या रस्त्यावर पकडून नेलेल्या ज्यू नवऱ्यांसाठी त्यांच्या जर्मन बायका दिवसेंदिवस उभ्या राहिल्या आणि त्यांतील बहुतेक पुरुष परत आले. ऑस्ट्रियातील सुमारे ६५,००० ज्यू मात्र परत आले नाहीत.

नेपियन सी रोडवरील घर

लँगहॅमर यांचे घर हा त्यांचा स्टुडिओ होता, तशीच ती बैठकीचीही जागा होती. लायडन, श्लेसिंजर आणि इतर युरोपीय स्नेही तेथे येत, तसेच शहरातील तरुण चित्रकारही. युरोपातील आधुनिक चित्रांच्या छापील प्रती पाहणे, त्यांवर बोलणे, स्वतःची चित्रे आणून दाखवणे आणि त्यांवरची टीका ऐकून घेणे असा तेथील रिवाज होता. त्या काळी मुंबईत सेझान किंवा व्हॅन गॉग यांचे मूळ चित्र पाहायला मिळणे अशक्यच होते. चांगली रंगीत छपाई असलेले पुस्तकसुद्धा दुर्मिळ होते. त्यामुळे या घरातील पुस्तके आणि चित्रप्रती यांचे महत्त्व आज वाटते त्याहून कितीतरी अधिक होते.

या बैठकींच्या वर्णनांत वॉल्टर चित्र दुरुस्त करताना दिसतात आणि केटे 'यजमानीण' म्हणून येतात. ही विभागणी अपुरी आहे. कला आणि राजकारण या दोन्ही विषयांवर केटे स्वतः बोलत, चर्चा पुढे नेत. हे घर केवळ चित्रकलेचा वर्ग न होता विचारांचा अड्डा झाले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. मुंबईच्या कलेतिहासाने ते पुरेसे दिलेले नाही.

सय्यद हैदर रझा हे या घराशी सर्वांत जवळून जोडलेले नाव. १९४३ साली मुंबईत आलेले रझा उपजीविकेसाठी एका ब्लॉक स्टुडिओत काम करीत आणि जे. जे. कलाशाळेत शिकत. राहायला धड जागा नसलेल्या या तरुणाला लँगहॅमर यांनी आपल्या स्टुडिओत चित्रे काढण्याची मुभा दिली. रझा यांनी चाळिशीच्या दशकात केलेल्या मुंबईच्या जलरंगचित्रांत पावसाने ओले झालेले रस्ते आणि विरघळणाऱ्या इमारती दिसतात. त्यांतील रंगाचा मोकळा ओघ पाहिला की हा सहवास जाणवतो.

कृष्णाजी हौळाजी आरा यांची हकिकत आणखी वेगळी आहे. हैदराबादजवळच्या बोलारम येथून लहानपणी मुंबईला आलेले आरा घरकाम आणि मोटारी धुण्याचे काम करून चित्रे काढीत. लायडन यांच्या आणि लँगहॅमर यांच्या नजरेस ती चित्रे आली. १९४२ साली आरा यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले. स्वतःच्या देशातून हाकलल्या गेलेल्या माणसाला मोटारी धुणाऱ्या माणसातील चित्रकार चटकन ओळखता आला, यात नवल नाही.

कचेरीतही लँगहॅमर यांची नजर अशीच चालत असे. स्वातंत्र्याच्या सुमारास रा. कृ. लक्ष्मण हे म्हैसूरचे तरुण व्यंगचित्रकार 'टाइम्स'मध्ये आले, तेव्हा कलाविभागाचे प्रमुख लँगहॅमर होते.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप

फ्रान्सिस न्यूटन सूझा, रझा, आरा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाक्रे या सहा जणांनी १९४७ साली हा गट स्थापन केला. जुलै १९४९ मध्ये रॅम्पार्ट रो येथील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे प्रदर्शन भरले. त्याचे उद्‌घाटन लेखक मुल्कराज आनंद यांनी केले. या गटामागे तीन निर्वासित उभे होते असे नेहमी सांगितले जाते : शिकवणारे लँगहॅमर, लिहिणारे लायडन आणि विकत घेणारे श्लेसिंजर.

हे वर्गीकरण लक्षात ठेवायला सोयीचे आहे, पण त्यातून युरोपीय पाहुण्यांनी मुंबईला आधुनिकता शिकवली असा जो अर्थ काढला जातो तो स्वीकारण्याजोगा नाही. अमृता शेरगिल यांना १९३७ सालीच बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते. जे. जे. मध्ये चार्ल्स जेरार्ड संचालक असताना विद्यार्थ्यांना नव्या युरोपीय चित्रशैलींची ओळख होत होती आणि १९४१ साली पी. टी. रेड्डी प्रभृतींनी 'यंग टर्क्स' या नावाने एकत्र येऊन आपली चित्रे मांडली होती. सूझा यांना तर 'चले जाव' चळवळीतील सहभागामुळे कलाशाळा सोडावी लागली होती. बंडखोरी शिकण्यासाठी त्यांना नेपियन सी रोडवर जाण्याची गरज नव्हती. लँगहॅमर दांपत्याने दिली ती जागा, वेळ, पुस्तके आणि कौतुकाची थाप. नव्या चित्रांना गिऱ्हाईक नसलेल्या शहरात ही मदत थोडी नव्हती.

१९४१ साली चित्रांच्या चौकटी बनवण्याचा व्यवसाय सुरू करणारे केकू गांधी हेही याच वर्तुळातले. त्या व्यवसायातूनच पुढे केमोल्ड ही गॅलरी उभी राहिली. १९५२ साली जहांगीर कलादालन सुरू झाले आणि चित्रकारांना भेटण्यासाठी कोणाच्या घरावर अवलंबून राहण्याची गरज हळूहळू कमी होत गेली. सूझा १९४९ साली लंडनला आणि रझा १९५० साली पॅरिसला गेले. ज्यांनी युरोप सोडला, त्यांच्या दिवाणखान्यात बसलेली मुले युरोपात जाऊन राहिली, असा हा उलटा प्रवास होता.

लंडन

युद्ध संपल्यावर लँगहॅमर व्हिएन्नाला परतले नाहीत. १९५७ पर्यंत दोघे मुंबईतच राहिले. म्हणजे त्यांच्या सहजीवनाची जवळजवळ दोन दशके या शहरात गेली. त्यानंतर ते लंडनला स्थायिक झाले. कोकोश्का यांनीही युद्धाची वर्षे इंग्लंडमध्ये काढली होती आणि हिल्डे होल्गर १९४८ सालीच लंडनला गेल्या होत्या. वॉल्टर यांचे १९७७ साली लंडनमध्ये निधन झाले.

त्यांच्या वर्तुळापैकी लायडन यांचा भारतीय कलेशी संबंध शेवटपर्यंत राहिला. गंजिफा या हिंदुस्थानी पत्त्यांचे ते जाणकार अभ्यासक ठरले. सावंतवाडीत आजही रंगवल्या जाणाऱ्या गंजिफांची परंपरा त्यांच्या लेखनामुळे परदेशातील संग्रहालयांपर्यंत पोहोचली. १९८३ साली त्यांचे निधन झाले, ते लँगहॅमर पती-पत्नींनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या व्हिएन्ना शहरात.